चंचल बालक आणि जवळची शाळा



शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. तेथे पुष्कळदा दोनच शब्द लिहिलेले आढळतात : 'पालकांच्या विनंतीवरून'. वडिलांची बदली झाली, कुटुंब दुसऱ्या गावी राहावयास गेले, थोरल्याच्या शाळेत धाकट्याचेही नाव घालावयाचे ठरले, अशा प्रसंगी हे शब्द अक्षरशः खरे असतात. तथापि काही दाखल्यांवर याच दोन शब्दांआड एक निराळी हकीकत दडलेली असते. मूल सहा-सात वर्षांचे असते. पहिलीच्या वर्गात ते जागेवर बसत नाही. शेजाऱ्याची पेन्सिल घेते, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडते, डबा, वही, टोपी यांपैकी काहीतरी रोज हरवून घरी येते. दिवाळीपर्यंत आईला चार-पाच वेळा शाळेत बोलावले जाते. 'मुलगा हुशार आहे हो, पण आमच्या वर्गात इतकी मुले. एकट्याकडे लक्ष पुरवणे होत नाही', असे बाई समजुतीच्या स्वरात सांगतात. इतर पालकांच्या तक्रारी येतात, असे मुख्याध्यापक कानावर घालतात. एखादी लहान शाळा पाहिलीत तर त्याच्याच हिताचे, असेही सुचवले जाते. कोणी नकार देत नाही, कोणी काढून टाकत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत आई स्वतःच्या हाताने अर्ज लिहिते आणि दाखला तिच्या पदरात पडतो. शाळेचे दप्तर निष्कलंक राहते. मुलाच्या वाट्याला दुसरी शाळा येते, आणि दोन वर्षांनी तिसरी.

अशा मुलांपैकी काहींच्या ठिकाणी जी अवस्था असते तिला 'अवधानन्यूनता व अतिचापल्य' असे म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती 'ए.डी.एच.डी.' या इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिलेली असते. या मुलांनी शिकावयाचे कोठे, हा आजचा विषय आहे. उत्तर आरंभीच सांगून टाकलेले बरे : घराजवळच्या सर्वसाधारण शाळेत, इतर मुलांच्या बरोबरीने. कायद्याला हेच अभिप्रेत आहे आणि मुलाचे हितही यातच आहे. खरी कसोटी लागते ती हे उत्तर दाखल्यावरील त्या दोन शब्दांपुढे टिकवून धरताना.

द्वाडपणा की अवस्था?

इ.स. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्याने दिली. बुद्धी ठाकठीक असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही, क्षणाचाही दम धरवत नाही, अशा मुलांचे वर्णन त्यांत होते. एवढे बारीक निरीक्षण करणाऱ्या या डॉक्टरांनीही त्या उणिवेला नैतिक नियंत्रणातील दोष मानले. पुढे ही दृष्टी पालटत गेली. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने केलेल्या वर्गीकरणात १९८० मध्ये अवधानाच्या उणिवेला नावात स्थान मिळाले, आणि १९८७ मध्ये अवधान व चापल्य या दोहोंचा निर्देश करणारे आजचे नाव आले. नीतीची चर्चा मागे पडली. मेंदूच्या विकासाची चर्चा पुढे आली. आपल्याकडील कित्येक शिक्षककक्षांत मात्र १९०२ साल अद्याप संपलेले नाही. 'लाडावलेला', 'द्वाड', 'घरचे वळणच नाही' हे शेरे तेथे आजही ऐकू येतात.

या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ती लाडाने जडत नाही आणि छडीने जात नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता मुलांमधील तिचे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास येते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी एक-दोन मुले असावयाचीच. ज्या मुख्याध्यापकांना आपल्या शाळेत असे एकही मूल नाही असे वाटते, त्यांनी मागील पाच वर्षांत दिलेले दाखले एकदा चाळून पाहावेत.

निदानासाठी रक्ताची तपासणी नाही, की क्ष-किरण छायाचित्रही नाही. लक्षणे निदान सहा महिने टिकलेली असावी लागतात, बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली असावी लागतात, आणि घर व शाळा यांसारख्या किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. या शेवटच्या अटीमुळेच वर्गशिक्षकाच्या साक्षीला मोल आहे. मूल घरी शांतपणे खेळते आणि वर्गातच बिथरते असे असेल, तर तपासावयाचे ते वर्गातील काहीतरी असते. मुलाला ऐकू नीट येते काय, फळा दिसतो काय, रात्रीची झोप पुरी होते काय, हे आधी पाहावे. क्षणभर शुद्ध हरपणारे फेफऱ्याचे सूक्ष्म झटकेदेखील दुर्लक्षासारखेच भासतात. जन्मतारखेकडेही पाहावे. एकाच वर्गातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मुलात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असू शकते, आणि सहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. वर्गातील वयाने सर्वांत लहान मुलांवर हे निदान अधिक प्रमाणात केले जाते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. साधे कोवळेपण आजार म्हणून गणले जाऊ नये यासाठी हजेरीपटातील तो रकाना शिक्षकाने एकदा नजरेखाली घालावा.

उलट चूकही घडते. काही मुले, विशेषतः मुली, धावपळ करीत नाहीत. त्या तिसऱ्या बाकावर निमूटपणे बसतात, डोळे फळ्यावर असतात आणि मन तेथे नसते. वही अर्धवट राहते, पण त्रास कोणालाच होत नाही. म्हणून तक्रार येत नाही, आणि तक्रार येत नाही म्हणून कोणी पाहतही नाही.

औषधांविषयी थोडक्यात. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत प्रथम उपाय म्हणून आईवडिलांना वर्तनव्यवस्थापनाचे प्रशिक्षण द्यावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. त्यानंतरच्या वयात औषधाचा कित्येक मुलांना चांगला उपयोग होतो. तो निर्णय डॉक्टर व आईवडील यांचा आहे. 'गोळी सुरू केल्याशिवाय वर्गात बसवणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही.

दाखला आणि कायदा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ अन्वये ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्क आहे. येथे 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा होय. कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी अथवा मुलाखत घेण्यास मनाई केली असून पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कलम १६ ने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली; काढून टाकण्यावरील बंदीला मात्र धक्का लागलेला नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना कलम १७ ने मज्जाव केला आहे. वर्गाबाहेर रोज तासभर उभे करणे हा त्यातलाच प्रकार, हे ज्यांना उमगत नाही त्यांनी एकदा त्या मुलाच्या जागी उभे राहून पाहावे.

आता याच अधिनियमातील कलम ५ पाहा. बालकाला दुसऱ्या शाळेत जाणे भाग पडले तर मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावा, विलंब केल्यास त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे ते सांगते. कुटुंबाबरोबर गाव बदलणाऱ्या मुलाची अडवणूक होऊ नये हा त्यामागील हेतू. पण बोळवण करावयाची असेल तेव्हा हीच तत्परता कामी येते. कलम १६ च्या दाराने जे मूल बाहेर घालवता येत नाही, ते कलम ५ च्या दाराने विनासायास बाहेर पडते. कागदोपत्री कोणाचाच भंग झालेला नसतो. यास्तव गटशिक्षणाधिकारी व केंद्रप्रमुख यांनी शाळातपासणीच्या वेळी पहिली ते तिसरीच्या मुलांना वर्ष पुरे होण्यापूर्वी वा पत्ता न बदलता दिलेले दाखले वेगळे काढून पाहावेत, आणि त्यांपैकी दोन-चार पालकांना समक्ष भेटून विनंतीमागचे कारण विचारावे. कोणताही नवा नमुना भरावा न लागता होणारी ही तपासणी आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा त्यांत समावेश आहे. अवधानन्यूनतेचे नाव स्वतंत्रपणे घेतलेले नाही. त्यामुळे केवळ या निदानावर प्रमाणपत्र मिळवू पाहणाऱ्या आईवडिलांचे हेलपाटे होतात, आणि 'प्रमाणपत्र नाही तर सवलत नाही, सवलत नाही तर आम्ही काय करणार' असा सूर शाळेकडून निघतो. येथे एक गोष्ट ठामपणे सांगावयास हवी. परीक्षेतील काही सवलती प्रमाणपत्रावर अवलंबून असतील. शेजारच्या शाळेत बसून शिकण्याचा हक्क कोणत्याही प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. पहिल्या बाकावर जागा देण्यासाठी शासननिर्णय लागत नाही.

मर्यादाही ध्यानात घ्यावी. २००९ च्या अधिनियमातील 'बालक' म्हणजे ६ ते १४ वर्षांचे मूल. शिशुवर्गातील चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हीच कलमे याच जोराने पुढे करता येत नाहीत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांनाही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या अधिनियमातून वगळले.

शाळा निवडताना

थकलेले आईवडील बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण 'कडक शिस्तीची' शाळा, शक्यतो निवासी, शोधू लागतात. याहून अयोग्य निवड दुसरी नसेल. ज्या मुलाला दहा मिनिटे स्थिर बसणे जमत नाही त्याला पहाटेपासून रात्रीपर्यंत घंटेवर चालवणे म्हणजे त्याला दिवसभर अपराधी ठरवण्याची सोय करणे होय. शिवाय त्याची बाजू घेणारे माणूस तेथे जवळ नसते. दुसरे टोक म्हणजे विशेष शाळा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आपल्या राज्यात अशा शाळा आहेत आणि त्यांचे कार्य मोलाचे आहे. परंतु ज्याची बुद्धी सर्वसाधारण आहे त्याला केवळ चंचलतेपायी तेथे धाडणे हा त्या मुलावर अन्याय, आणि ज्याच्यासाठी ती जागा आहे त्या मुलावरही.

मग शाळेत पाहावयाचे काय? इमारत व गणवेश यांकडे नंतर पाहिले तरी चालेल. वर्गात मुले किती, एकच शिक्षक दिवसाचा बराच वेळ वर्गाबरोबर असतो की दर अर्ध्या तासाने बदलतो, खेळावयास मोकळी जागा आहे काय, आणि मुख्याध्यापकांशी बोलताना ते 'घरी त्याला काय जमते?' असा प्रश्न विचारतात की नाही, एवढे पाहावे. नावाजलेल्या शाळेतील दाटीवाटीच्या वर्गापेक्षा गावातील जिल्हा परिषदेची लहान शाळा अशा मुलाला पुष्कळदा अधिक मानवते. अधिनियमातील मानकानुसार ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. एकाच खोलीत दोन इयत्ता बसत असल्याने उठबस, गटात काम, मोठ्याने धाकट्याला शिकवणे हे ओघानेच येते. बहुवर्ग अध्यापनाला आपण नेहमी उणेपणा मानतो. या एका मुलापुरता तरी तो लाभ ठरू शकतो.

मुलाचे निदान शाळेला सांगावे की लपवावे, हा प्रश्न आईवडिलांना फार छळतो. प्रवेशाच्या वेळी ते सांगण्याची अट शाळेला घालता येत नाही. प्रवेश झाल्यावर मात्र वर्गशिक्षक व मुख्याध्यापक यांना ते अवश्य सांगावे, आणि लेखी सांगावे. न सांगितल्यास शिक्षकाच्या मनात 'द्वाड' हा शब्द आपणहून येऊन बसतो, आणि एकदा बसलेला तो शब्द मग वर्षभर हलत नाही.

वर्गातील व्यवस्था

या महाराष्ट्रात एक जुनी शिक्षणपरंपरा आहे, जिने मुलाच्या हालचालीला कधी दोष मानले नाही. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाई व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम आरंभले, आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच तेथे शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. ती अवधानन्यूनतेसाठी काढलेली शाळा नव्हती. परंतु मूल शाळेच्या मापात बसत नसेल तर शाळेचे माप बदलून पाहावे, हा विचार तेथे प्रत्यक्षात उतरला होता. आजच्या शिक्षकाकडे कोणी टेकडीएवढे काम मागत नाही. बाकाची जागा बदलणे एवढ्यापासून आरंभ होतो.

मुलाला पुढे, शिक्षकाच्या हाताच्या अंतरावर बसवावे. दाराशी वा खिडकीशी नको, आणि एकटे तर मुळीच नको. शेजारी शांत स्वभावाचा सोबती द्यावा. सूचना एका वेळी एकच द्यावी. 'वही काढा, तारीख घाला, पान अठ्ठावीस उघडा आणि पहिली पाच उदाहरणे सोडवा' या वाक्यातील पहिला भाग त्या मुलाच्या कानी पडतो, उरलेले हवेत विरते. दहा गणितांऐवजी तीन द्यावी, ती पाहावी, मग पुढची तीन. मधून उठण्याचे अधिकृत कारण द्यावे : फळा पुसणे, खडू आणणे, हजेरीपट कार्यालयात नेऊन देणे. ज्या मुलाला उठल्याबद्दल रोज बोलणी बसत होती त्याला आता उठल्याबद्दल शाबासकी मिळते, आणि परतल्यावर ते आणखी दहा मिनिटे बसते. शाबासकी तेथल्या तेथे द्यावी. या मुलांच्या लेखी शनिवारी मिळणारे बक्षीस फार दूर असते. अपुरे काम पुरे करून घेण्यासाठी मधली सुटी कापणे हा सर्रास दिसणारा उपाय तर उलटाच पडतो. ज्याला धावण्याची सर्वांत अधिक गरज आहे त्याचेच धावणे आपण काढून घेतो.

घर व शाळा यांमध्ये एक साधे दैनिक नोंदपत्र चालवावे. त्यावर फार तर तीन गोष्टी लिहाव्या, उदाहरणार्थ हात वर करून बोलणे, प्रार्थनेनंतर जागेवर येणे, गृहपाठ वहीत उतरवून घेणे. प्रत्येकीपुढे दिवसाअखेर खूण करावी आणि खुणांनुसार घरी काहीतरी लहानसे मिळावे : आजोबांबरोबर तळ्यापर्यंत फेरी, एक गोष्ट अधिक. हा उपाय जगभर तपासून पाहिलेल्या उपायांपैकी आहे, आणि त्याचा खर्च रोजच्या एका चिठ्ठीएवढा आहे. वहीच्या मागे लाल शाईने लिहिलेल्या 'आजही त्रास दिला' या ओळीपेक्षा तो आईला कितीतरी अधिक सांगून जातो.

शिक्षकाची अडचण खोटी आहे असे यातून कोणी समजू नये. अशा एका मुलाने दिवसभराची शक्ती शोषून घेतली असा अनुभव अनेक चांगल्या शिक्षिका सांगतात, तो खराच आहे. इतर मुलांच्या पालकांनाही आपल्या मुलांविषयी काळजी वाटणे स्वाभाविक होय. म्हणूनच हा भार एकट्या वर्गशिक्षकाच्या माथी मारून अधिकाऱ्यांना मोकळे होता येणार नाही.

तालुक्यातील मदत

ही मदत बऱ्याच अंशी अस्तित्वात आहे. तिची गाठ मुलाशी पडत नाही एवढेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ज्या ३० विकारांसाठी तपासणी व्हावयाची, त्यांत अवधानन्यूनता व अतिचापल्य यांचाही समावेश आहे. या कार्यक्रमाच्या फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा यावे अशी योजना असून, पुढील तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. पण पथक एका दिवसात अनेक मुले तपासते. दात, डोळे, वजन ही दिसतात. चंचलता त्या दोन मिनिटांत दिसत नाही. नवख्या डॉक्टरांसमोर तर असे मूल चक्क शहाण्यासारखे बसते. म्हणून पथक येण्यापूर्वीच शिक्षकाने मुलाचे वर्तन दोन आठवडे लिहून ठेवावे, आणि ते कागद डॉक्टरांच्या हाती द्यावे. समग्र शिक्षा योजनेखालील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक गट साधन केंद्राशी जोडलेले असतात. त्यांनाही शाळेने आपण होऊन बोलवावे.

पंचायत सदस्यांचे काम शाळा व्यवस्थापन समितीत आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. एखाद्या मुलाविरुद्ध इतर पालकांची तक्रार प्रथम येथेच येते, आणि येथेच ती शांतपणे ऐकून घेता येते. 'त्याला काढा' ही मागणी ठरावाच्या रूपाने इतिवृत्तात येऊ द्यावयाची नाही, एवढा खंबीरपणा एका सदस्याने दाखवला तरी पुरतो. प्रकरण चिघळलेच, तर कलम ३२ अन्वये पालक स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतात. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा, आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. शाळेचे वर्ष दहा महिन्यांचे, त्यांतले तीन महिने तक्रारीत गेले तर मुलाचे पाढे व वाचन मागे पडणारच. तक्रारीपूर्वी समितीने एक बैठक घ्यावी ती यासाठी.

आणखी एक काम जूनमध्ये होते आणि बहुधा राहून जाते. पहिलीच्या बाईंना वर्षभरात जे उमगलेले असते, तो कोठे बसला की स्थिर राहतो, कोणत्या शब्दाने बिथरतो, कोणाबरोबर त्याचे जमते, ते सारे त्यांच्याचपाशी राहते आणि दुसरीचे गुरुजी पुन्हा मुळापासून सुरुवात करतात. वर्ग बदलताना निकालपत्रकाबरोबर अर्ध्या पानाची एक टिपण्णी पुढील शिक्षकाकडे जावी. ती मुख्याध्यापकांनी शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मागून घ्यावी आणि दोघा शिक्षकांना समोरासमोर बसवून वाचावी. पंधरा मिनिटांचे काम आहे.